नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

मराठी भाषेने 'नाव' या शब्दाला जेवढं राबवून घेतलं आहे, तेवढं एखाद्या खाष्ट सासूने नव्या सुनेलाही राबवलं नसेल. आपण बारशाला नाव ठेवतो आणि बारशाहून परतताना नावं ठेवतो. मधे फरक काय तो एका टिंबाचा. थोरला मुलगा बापाचं नाव काढतो, धाकटा ते बुडवतो. नवी नवरी उखाण्यात नाव घेते आणि जुनी झाली की त्याच नावाने खडे फोडते. घर बायकोच्या नावावर असतं, ते बहुधा आयकराच्या भीतीने. आणि एवढा सगळा कारभार नावावर चालू असताना शेक्सपिअर वाचलेला कुणी गृहस्थ उठतो आणि विचारतो, "अहो, नावात काय आहे?" अशा माणसाशी मी वाद घालत नाही. जोश्याला दोनदा जोगळेकर म्हणून हाक मारली की नावात काय आहे ते त्याचं त्यालाच कळतं.

ज्ञानकोशात एक नाव शोधायला जायचं आणि शेजारच्या चार बिऱ्हाडांत चहा पिऊन यायचं, ही माझी जुनी खोड. 'इंग्रिड बर्गमन' बघायला म्हणून बसलो, तर तिच्या मागेपुढे इंग्रिडांची रांगच लागलेली! त्यात राण्या होत्या, एक जवळजवळ संतपदाला पोचलेली होती, एक दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेली, एक धावणारी, एक गणित करणारी आणि एक जंगलात साखळीने बांधलेली. सगळ्यांचं पाळण्यातलं नाव एकच. आमच्या वर्गात पाच सुनंदा होत्या, पण त्या पाचही जणींना शेवटी बी.एड.च करायला लावलं होतं.

आधी नावाचा अर्थ सांगतो. उत्तरेकडच्या, म्हणजे नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्ककडच्या जुन्या लोकांचा इंग नावाचा एक देव होता. फ्रेय हे त्याचंच दुसरं नाव. पाऊस, ऊन आणि पीकपाणी ही खाती त्याच्याकडे, आणि बरोबर सोनेरी केसांचा एक रानडुक्कर. स्वीडनचे जुने राजे आपली वंशावळ थेट त्याच्यापर्यंत नेऊन भिडवीत. राजे लोकांच्या वंशावळी सगळीकडे सूर्य, चंद्र नाहीतर पाऊस यांच्यापाशीच जाऊन थांबतात. 'इंग्रिड' म्हणजे या इंगदेवाची सुंदरी. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांची अपेक्षा अगदी माफक: मुलगी देखणी निघावी आणि देवाला आवडावी. तिने आणखी काही करावं असं त्या नावात कुठंही लिहिलेलं नाही. आणि एवढ्यावर समाधान मानून गप्प बसलेली एकही इंग्रिड मला त्या रांगेत सापडली नाही.

पहिली भेटली ती बाराव्या शतकातली नॉर्वेची राणी, इंग्रिड राग्नवाल्ड्सदोत्तर. हे आडनाव नव्हे. राग्नवाल्डची मुलगी, एवढाच त्याचा अर्थ. आपली 'दुहिता' आणि त्यांची 'दोत्तर' या भाषेच्या नात्याने लांबच्या बहिणी. या बाईंनी चार लग्नं केली. पहिला नवरा डेन्मार्कचा राजपुत्र हेन्रिक, तो ११३४ साली फोटेविकच्या लढाईत पडला. दुसरा नॉर्वेचा राजा हाराल्ड गिले, त्याचा ११३६ साली खून झाला. तिसरा ओत्तार बिर्तिंग नावाचा बडा सरदार, त्याचाही खूनच. चौथा आर्ने. शिवाय मधल्या काळात एक इव्हार नावाचे गृहस्थ होऊन गेले, पण ते हिशेबात धरलेले नाहीत. ही सगळी माहिती स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडच्या इतिहासकाराने तेराव्या शतकात लिहून ठेवली आहे, आणि ती अशा शांतपणे, की वाचताना तो गावातल्या पंचायतीची दिवाबत्तीची नोंद करतो आहे असं वाटावं.

मला नवल वाटलं ते चार लग्नांचं नाही. चार लग्नं झाली, देश बदलले, नवरे बदलले, पण बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रिड राग्नवाल्ड्सदोत्तरच राहिली! त्या लोकांत लग्नाने बाईचं नाव बदलतच नसे. ती ज्याची मुलगी असायची त्याची मुलगी मरेपर्यंत असायची. आइसलंडमध्ये आजही तसंच चालतं.

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या आत्याचं असंच झालं. माहेरचं नाव तांदळात विरघळलं आणि सासरचं वर आलं. (दोन्ही नावं सांगत नाही, असतील तिथून येऊन माझा कान धरतील.) पुढे साठ वर्षं ती त्या दुसऱ्या नावाने वावरली. त्या नावावर रेशनकार्ड निघालं, नातवंडं झाली, गुडघेदुखी झाली. शेवटच्या आजारात मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. मुलं हाका मारीत, सुना मारीत, डॉक्टर मारीत. आत्या डोळे उघडेना. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गावाहून आले. उशाशी बसून त्यांनी तिला माहेरच्या नावाने हाक मारली, तीही चांगली चिडवून, लहानपणी मारीत तशी. आत्याने डोळे उघडले आणि म्हणाली, "काय रे?" त्या खोलीत ते नाव ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता. साठ वर्षं ते नाव तिथंच बसून होतं, कुणी दार वाजवतंय का याची वाट बघत.

असो. आपण नॉर्वेत होतो. हाराल्ड गिलेचा खून बेर्गन गावी रात्री झाला. त्या रात्री राजेसाहेब राणीच्या महालात नव्हते, तोरा नावाच्या बाईकडे होते, एवढीही नोंद स्नोरीने ठेवली आहे. अशा वेळी दुसरी एखादी बाई रडत बसली असती, किंवा तोराच्या नावाने बोटं मोडीत बसली असती. इंग्रिडने सरदारांना गोळा केलं, एक वेगवान जहाज उत्तरेकडे पिटाळलं आणि स्वतः पूर्वेला विकेनच्या मुलखात गेली, कारण तिचा मुलगा इंगे तिथं होता. बोर्गला सभा बोलावून तिने त्याला राजा म्हणून निवडून घेतलं. महाराजांना तेव्हा दुसरं वर्ष लागलेलं होतं. पुढच्याच वर्षी लढाई झाली तेव्हा एका सरदाराने या राजाला आपल्या कपड्यांच्या घोळात, आपल्याकडे बायका ओच्यात शेंगा घेतात तसं घेतलं आणि तो तलवार चालवीत राहिला. त्या धसमुसळेपणात पोराची पाठ वाकडी झाली आणि एक पाय आखूड राहिला, असं स्नोरी सांगतो. इतिहासात त्याचं नाव 'कुबडा इंगे' असंच पडलं आहे. तरी तो राज्य करीत राहिला. पुढे ११६१ साली तो ओस्लोजवळ बर्फावरच्या लढाईत पडला. त्याच वर्षी इंग्रिडचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा माग्नूस, जो स्वीडनचा राजा झाला होता, तोही मारला गेला. एका वर्षात दोन मुलगे, आणि दोघेही राजे. स्नोरीची लेखणी इथंही शांतच आहे. आपण तेवढे शांत राहू शकत नाही.

दुसरी इंग्रिड स्वीडनची, तिच्यानंतरच्या शतकातली. तिचं नाव इंग्रिड इल्वा. 'इल्वा' म्हणजे लांडग्याची मादी. हे माहेरचं की लोकांनी ठेवलेलं, काय असेल ते असो. असं नाव पाटीवर असल्यावर फेरीवाले दार वाजवीत नसावेत. स्टॉकहोम वसवणारा म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या बिर्गर यार्लची ही आई. हिच्याबद्दल दंतकथा पुष्कळ. शत्रू चालून आला तेव्हा हिने पिसांची उशी फाडून पिसं वाऱ्यावर सोडली आणि प्रत्येक पिसाचा एक शिपाई झाला, ही एक. दुसरी अधिक मजेदार. तिने म्हणे भविष्य सांगितलं होतं, की माझं मस्तक जोवर ताठ आहे तोवर माझ्या वंशजांकडे राज्य राहील. मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आई वारल्यावर त्याने तिला ब्येल्बोच्या चर्चच्या एका खांबात उभीच चिणून ठेवली!

यातली दंतकथा किती आणि खरं किती हा भाग सोडा. १२५० साली तिचा नातू स्वीडनचा राजा झाला आणि पुढे शंभरावर वर्षं राज्य त्या घराण्याकडे राहिलं, हे मात्र खरं. मला त्या कथेतली उलटी तऱ्हा आवडली. घराण्याची मान ताठ राहावी म्हणून बाईला मान खाली घालायला सांगायचं, ही पद्धत मी पुष्कळ पाहिली आहे. घराण्यासाठी बाईची मान ताठ राहिली पाहिजे, असं म्हणणारं घराणं पाहिलं ते हेच. तिला त्यासाठी आधी मरावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

त्याच ब्येल्बोपासून जवळ स्केन्निंगे नावाचं गाव आहे. तिथली इंग्रिड विधवा झाल्यावर तीर्थयात्रेला निघाली. बाराशे ऐंशीच्या आधीचा काळ. तिने पवित्र भूमी केली, रोम केलं, स्पेनमधलं सांतियागो केलं. परत येऊन तिने १२८१ साली डोमिनिकन जोगिणींचा मठ काढला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द राजा आला. हा राजा म्हणजे इल्वाबाईंचा आणखी एक नातू. पुढच्याच वर्षी ती वारली. लोक तिला संत मानू लागले आणि तिला रीतसर संतपद मिळावं म्हणून पंधराव्या शतकात रोमला अर्ज गेला. त्या अर्जाचा प्रवास वाचताना मला आपल्या कचेऱ्यांची फार आठवण झाली. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर होत राहिली. १५०७ साली तिच्या अस्थी समारंभाने हलवल्या गेल्या, पण शेवटची सही काही झाली नाही. आणि वीस वर्षांत तर स्वीडनने रोमशीच फारकत घेतली. लोकांनी मात्र सहीची वाट पाहिली नाही. ते तिला संत इंग्रिडच म्हणतात.

आता विसाव्या शतकात येऊ. १९१० साली स्वीडनच्या राजघराण्यात एक मुलगी झाली आणि तिचं नाव इंग्रिड ठेवलं. राजकन्येचं नाव ठेवलं की प्रजेच्या पाळण्यांतही तेच नाव घुमू लागतं. १९१५ साली स्टॉकहोममध्ये एका फोटोग्राफरच्या घरी मुलगी झाली, तिचंही नाव या राजकन्येवरून ठेवलं. एका नावाच्या या दोघी. एक पुढे खरोखरची राणी झाली, दुसरी पडद्यावरची.

राजकन्येची गोष्ट आधी. १९३५ साली तिचं डेन्मार्कच्या युवराजाशी लग्न झालं. ९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या आणि बरोबर एक आठवड्याने या इंग्रिडला पहिली मुलगी झाली. परकी फौज रस्त्यावर असताना युवराज्ञी कोपनहेगनमध्ये सायकलवरून फिरायची, मुलीची बाबागाडी ढकलत जायची. भाषण नाही, घोषणा नाही. पण राजघराण्यातली बाई आपल्याच रस्त्यावर आपलं मूल फिरवते आहे, हे पाहून लोकांना जे समजायचं ते समजे.

पुढे तिला आणखी दोन मुली झाल्या. तीन मुली! आणि डेन्मार्कच्या गादीवर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बाई बसू शकत नव्हती. तिचा नवरा राजा झाला होता आणि गादी जाणार होती दिराकडे. आपल्याकडे असं झालं असतं तर त्या बाईला किती नवस आणि किती उपास सांगितले गेले असते, याची कल्पना करा. डॅनिश लोकांनी नवस केला नाही, मतदान केलं. १९५३ साली कायदाच बदलला. थोरली मुलगी मार्गरेट १९७२ साली गादीवर बसली आणि बावन्न वर्षं राज्य करून १४ जानेवारी २०२४ ला तिने ती आपल्या मुलाला दिली. इंग्रिड राणी २००० साली, नव्वदाव्या वर्षी गेली. मुलीच्या राज्यात गेली.

आता दुसरी, फोटोग्राफरची. इंग्रिड बर्गमनला आई आठवत नव्हती, ती दोन वर्षांची असतानाच गेली होती. वडील ती शाळेत असताना गेले. म्हणजे आईबापांनी दिलेल्या वस्तूंपैकी टिकाऊ अशी वस्तू तिच्याकडे एकच उरली, ती म्हणजे नाव. १९३९ साली ती हॉलिवूडला गेली तेव्हा निर्माते सेल्झनिकसाहेबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि दुरुस्त्या सुचवल्या. भुवया कोराव्या लागतील, दात नीट करावे लागतील आणि नाव बदलावं लागेल. 'बर्गमन' फार जर्मन वाटतं. गिऱ्हाईक जुनं घर विकत घेताना भिंती ठोकून बघतं, तसा हा प्रकार. तेवीस वर्षांच्या या मुलीने सांगितलं की भुवया राहतील, दात राहतील आणि नावही राहील. नको असेल तर मी परत जाते. सेल्झनिक हुशार माणूस. त्याने 'जशी आहे तशी' हीच तिची जाहिरात केली. तिथल्या सगळ्या बाया तांदळात नवीन नावं लिहून घेत असताना ही एक ताट परत करून आली!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 'कॅसाब्लांका' आला, जोगिणीची भूमिका झाली, जोन ऑफ आर्क झाली. लोक तिला देवघरात ठेवायच्या बेतात होते. इतक्यात १९४९ साली ती रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या चित्रपटात काम करायला स्ट्रॉम्बोली बेटावर गेली, त्याच्या प्रेमात पडली, आणि पहिल्या नवऱ्याशी काडीमोड व्हायच्या आधीच २ फेब्रुवारी १९५० ला तिला मुलगा झाला. झालं! इतके दिवस तिचं नाव होतं, आता तिला नावं सुरू झाली. मार्च महिन्यात अमेरिकेच्या सेनेटमध्ये एक सभासद उभे राहिले आणि त्यांनी या नटीच्या चारित्र्यावर भर सभागृहात भाषण केलं. एवढ्या मोठ्या देशाची संसद. सगळे प्रश्न सुटल्यामुळे त्या दिवशी वेळ उरला असावा.

इथं मुंबईचाही संबंध येतो. रोसेलिनी डिसेंबर १९५६ मध्ये चित्रपट करायला भारतात आला, मुंबईत राहिला आणि सोनाली दासगुप्ता यांच्या प्रेमात पडला. त्याही विवाहित होत्या. मग इथली वर्तमानपत्रंही कामाला लागली. ज्या माणसापायी इंग्रिडने अर्ध्या जगाची नावं ऐकली होती, त्याच माणसाचं नाव आता आपल्याकडच्या ओसरीवर चघळलं जाऊ लागलं. १९५७ साली तिचा तो संसार संपला. नावं ठेवणारे लोक कुठलेही असोत, आवाज सारखाच लागतो.

तिने काय केलं? काम केलं. 'अनास्तासिया' या चित्रपटासाठी तिला दुसरं ऑस्कर मिळालं. त्यातली तिची भूमिका कुणाची, तर आपलं खरं नाव काय याचाच पत्ता नसलेल्या एका बाईची. ही भूमिका तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळली असती असं मला वाटत नाही. १९७२ साली दुसऱ्या एका सेनेटरने तिच्यावरच्या त्या जुन्या हल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. बावीस वर्षांनी का होईना, ठेवलेली नावं परत घेतली गेली. आपल्या चाळीत ठेवलेली नावं परत घेतल्याचं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि नशिबाची थट्टा पाहा. स्वीडनचा थोर दिग्दर्शक इंगमार बर्गमन; त्याचा आणि हिचा आडनावापलीकडे संबंध नाही. १९७१ साली त्याने लग्न केलं ते इंग्रिड नावाच्या बाईशी, म्हणजे ती झाली इंग्रिड बर्गमन! १९७८ साली त्याने 'ऑटम सोनाटा' काढला, त्यात नायिका इंग्रिड बर्गमन. म्हणजे कामावर एक इंग्रिड बर्गमन, घरी दुसरी. फोनवर "इंग्रिड बर्गमन आहेत का?" असं कुणी विचारलं की तो काय उत्तर देत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मूळची इंग्रिड १९८२ साली, तारखेने बरोबर सदुसष्टाव्या वाढदिवशी गेली. तिच्या जुळ्या मुलींपैकी एकीचं नाव तिने इसोता इंग्रिड ठेवलं होतं. नाव जपून ठेवलं होतं. ते मुलीच्या हवाली केलं.

नाव एक झालं की घोटाळे होणारच. इंग्रिड क्रिस्टेन्सेन ही नॉर्वेची बाई, देवमाशांच्या शिकारीवर पैसा केलेल्या एका जहाजमालकाची बायको आणि सहा मुलांची आई. १९३१ पासून तिने अंटार्क्टिकाच्या चार सफरी केल्या आणि ३० जानेवारी १९३७ ला त्या खंडाच्या मुख्य भूमीवर पाऊल ठेवलं. असं करणारी पहिली बाई तीच, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. आधी दुसरी एक नॉर्वेजियन बाई उतरली होती, पण ती एका बेटावर. तिथल्या एका किनाऱ्याला इंग्रिड क्रिस्टेन्सेन किनारा असं नाव आहे. पलीकडे तिच्या नवऱ्याच्या नावाचा लार्स क्रिस्टेन्सेन किनारा आहे. आणि या दोघांच्या मधे काय असावं? एमरी नावाचा प्रचंड थंडगार बर्फाचा पसारा. पन्नाशीनंतरच्या संसाराचं इतकं अचूक चित्र भूगोलात दुसरं नसेल.

या बाईंच्या किनाऱ्यावर आता आपली माणसं राहतात. २०१२ साली भारताने 'भारती' हे संशोधन केंद्र तिथं उभारलं, आणि या मोहिमांचा कारभार चालतो तो गोव्यातल्या वास्कोहून. म्हणजे वास्कोला मासळीचं जेवण जेवून निघालेला माणूस शेवटी इंग्रिडच्या दारात जाऊन पोचतो.

घोटाळा पुढेच आहे. नॉर्वेतच १९५६ साली दुसरी इंग्रिड क्रिस्टेन्सेन जन्माला आली. हिचं लग्न झालं क्रिस्टियान्सेन नावाच्या गृहस्थांशी. एवढे सोपस्कार करून आडनावात बदल काय, तर दोनचार अक्षरांचा! छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याने हे लग्न चुकून लावलं असावं असं वाटतं. पण ही इंग्रिड क्रिस्टियान्सेन धावायला लागली आणि जगाला ते आडनाव नीट लिहावं लागलं. १९८३च्या जानेवारीत तिने ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली. मार्चमध्ये जागतिक क्रॉसकंट्री शर्यतीत ती पस्तिसावी आली. आपल्याला झालंय काय म्हणून तपासून घेतलं, तर बाई चार-पाच महिन्यांची गरोदर! आपल्याकडे अशा वेळी डोहाळजेवणाची तयारी सुरू होते, जिना चढू नको म्हणतात. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला आणि पुढच्या जानेवारीत तिने ह्यूस्टनची तीच शर्यत पुन्हा जिंकली. १९८५ साली लंडनला तिने २ तास २१ मिनिटं ६ सेकंद अशी वेळ दिली. ती पुढे तेरा वर्षं जगात कुठल्या बाईला मोडता आली नाही. नाव काढणं म्हणतात ते हे, आणि तेही पळता पळता.

बेल्जममधली इंग्रिड दोबशी ही गणित करणारी. लहानपणी झोप आली नाही की आपण मेंढ्या मोजतो. ही दोनाची दुप्पट, तिची दुप्पट करीत पडायची. मोठेपणी तिने 'वेव्हलेट' नावाच्या गणिती लहरींवर काम केलं. त्यांनी चित्रातली माहिती अगदी थोड्या जागेत मावते. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयला आपल्या कोट्यवधी बोटांच्या ठशांचं काय करावं हा प्रश्न पडला, तेव्हा ते साठवायला जी पद्धत ठरली, तिच्यात तिने आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी तयार केलेल्या लहरी आहेत. ज्याला नाव लिहिता येत नाही तो अंगठा उठवतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. त्या अंगठ्याचीही किंमत राखणारी एक इंग्रिड निघाली. २०१० साली जगातले गणिती बंगळुरात जमले आणि त्यांनी आपल्या आंतरराष्ट्रीय संघाच्या अध्यक्षपदी तिला निवडलं. त्या खुर्चीवर बसणारी ती पहिली बाई.

शेवटची इंग्रिड उत्तरेतली नव्हेच. नाव मात्र तेच, आणि तेवढंच एक तिच्याजवळ राहिलं होतं. इंग्रिड बेतांकूर ही कोलंबियाची राजकारणी. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभी असताना २३ फेब्रुवारी २००२ ला बंडखोरांनी तिला पळवलं आणि जंगलात ठेवलं. एक वर्ष नाही, दोन नाहीत, सहा वर्षांहून जास्त. ती पळून जायचा प्रयत्न करी, म्हणून गळ्यात साखळी घालून झाडाला बांधीत. पुढे तिने आपल्या पुस्तकात एक प्रसंग लिहिला. पहारेकऱ्यांनी कैद्यांना हजेरीसाठी रांगेत आकडे म्हणायला लावलं. तिची पाळी आली तेव्हा तिने आकडा म्हटला नाही. स्वतःचं नाव म्हटलं. मी आहे की नाही हे पाहायचं असेल तर मला नावाने हाक मारा, असं सांगितलं. सगळ्या सोबत्यांना ते आवडलं असं नाही. उगीच संकट ओढवून घेतेस, असंच पुष्कळांना वाटलं. तेही खोटं नव्हतं. २ जुलै २००८ ला सैनिकांनी मदतकार्याच्या मंडळींची सोंगं घेऊन बंडखोरांना हातोहात फसवलं आणि एकही गोळी न झाडता तिला आणि आणखी चौदा जणांना सोडवून आणलं.

हे वाचलं आणि मी ज्ञानकोश मिटला. इथं विनोद सुचेना. माणसाचं सगळं काढून घेतल्यावर उरतं काय, याचं उत्तर एका बाईने एका शब्दात दिलं होतं. आणि नावात काय आहे म्हणून विचारणारे आपण चहा पीत बसलेलो असतो.

बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते, तेव्हा बाळाला त्यातलं काही कळत नाही. नाव ठेवणारे ठेवून, घुगऱ्या खाऊन निघून जातात. ते आपलं करायचं काम पुढे ज्याचं त्याला करावं लागतं, आणि बाईमाणसाला जरा जास्तच, कारण तिचं नाव बदलायला, खोडायला आणि झाकायला लोक कायम तयार असतात. ११३६ साली नॉर्वेच्या पहिल्या इंग्रिड राणीला दुसरं वर्ष लागलेल्या मुलाची गादी वाचवायला धावत सुटावं लागलं, कारण गादी तिची असूच शकत नव्हती. १९९० साली, म्हणजे ८५४ वर्षांनी, नॉर्वेने आपली राज्यघटना दुरुस्त केली: यापुढे थोरलं मूल गादीवर बसेल, मग मुलगा असो वा मुलगी. २१ जानेवारी २००४ ला त्यांच्या युवराजाला मुलगी झाली. पुढल्या वर्षी तिच्या पाठीवर भाऊ झाला, पण गादीच्या रांगेत तो तिच्या मागेच उभा राहिला.

त्या मुलीचं नाव काय ठेवलं, ते आता तुम्हीच ओळखा. तिला नावं ठेवायला लोक पुढे येतीलच. पण नाव आधी ठेवून झालेलं आहे.